साठ, दहा, पाच, शून्य

बेंड, ऑरेगन
२६ मे १९९६

ती. एल्माआत्यास,
कर्टचा सा. न. वि. वि.

तुझ्या बिअरच्या कृतीचं कार्ड पोचलं. एकोणीस वर्षं जे कुणाच्या नजरेस पडू दिलं नाहीस ते तू साध्या पाकिटात घालून, वर तिकीट तिरकं चिकटवून पाठवलंस. खांद्याच्या ऑपरेशनबरोबर डॉक्टरांनी तुझा संशयी स्वभावही काढून टाकला की काय? कार्ड फ्रिजच्या दारावर लावलंय. ट्रेलरमध्ये दुसरी बघण्यासारखी वस्तू नाही.

बाबांचा कारखान्यात फोन आला होता. म्हणाले, यंदाच्या आपल्या नदीकाठच्या मेळाव्याची आयपीए बिअर तू करायचीस, एल्मानं आता पाच गॅलनची पातेली उचलायची नाहीत. मी हो म्हटलं. मग म्हणाले, एक काम सुरू केलंस आणि संपवलंस असं एकदा तरी बघू दे, सप्टेंबरात बोटीचं बोलू. ते या वर्षी मासेमारी सोडताहेत हे तुला ठाऊकच आहे. बोट मला द्यायची की डनीसताईच्या नवऱ्याला, रॉनदाजींना, ते अजून ठरलेलं नाही. मी नौदल सोडलं, सुतारकामाचा वर्ग सोडला, आता सहा वर्षं दरवाजांना बिजागऱ्या ठोकतोय. मला घरी यायचंय गं. हे त्यांना सांगत नाही, तुला सांगतो. बिअरवरून बोट ठरत नसते हे मलाही कळतं, पण बाबा कशावरून काय ठरवतील याचा नेम नाही.

आता मुद्द्याचं. मी जन्मात बिअर केलेली नाही, म्हणून काय करणार ते ओळीनं लिहितो. चुकत असेन तर कान धर. माल्टच्या काढ्याला उकळी फुटली की घड्याळ लावायचं. कार्डावर हॉपच्या (त्या कडू वाळक्या फुलांच्या) चार ओळी आहेत: साठला अर्धा औंस, दहाला एक, पाचला दोन, शून्याला तीन. तू साठ वर लिहिलंयस आणि शून्य खाली, ते मी सुलट करून घेतलं. म्हणजे उकळी फुटताच, शून्य मिनिटाला, तीन औंस. पाच मिनिटं झाली की दोन, दहा झाली की एक, आणि तासाभरानं उरलेला अर्धा टाकून गॅस बंद. बरोबर ना? १६ जूनच्या रविवारी करणार आहे, तोवर तुझं उत्तर येईलच. इथे फोन नाही, आणि कारखान्यातल्या फोनवर बोलायला लागलो की मुकादम शेजारी येऊन उभा राहतो.

बाटल्या कशानं धुवायच्या? आणि नव्या कुत्रीचं नाव काय ठेवलंस?

तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
कर्ट


अ‍ॅस्टोरिया
३ जून १९९६

चि. कर्ट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तिकीट तिरकं लागलं कारण उजवा हात अजून खांद्यावर जात नाही आणि डाव्याला शिस्त नाही. तुझ्या बाबांनी मला पातेली उचलायची बंदी केली हे मला तुझ्या आधी चार दिवस कळलं. दादानं फोनवर सांगितलं, मी बरं म्हटलं. तुझ्या आईनंही फोन हातात घेऊन सांगितलं की नव्या मुलांच्या हातची चव निराळी असते, कुणी सांगावं, एल्माच्यापेक्षा बरीही होईल. मी म्हटलं, होऊ दे की.

बोटीचं मनावर घेऊ नकोस. दादा फटकळ आहे पण वाईट नाही. लहानपणी माझ्या शिडाच्या होडीला त्यानं भोक पाडलं होतं आणि मग रात्रभर बसून बुजवलं होतं.

बाटल्या गरम पाण्यात सोडा घालून धुवायच्या, साबण लावायचा नाही, नाहीतर फेस धरत नाही. काढा कोमट झाल्याशिवाय यीस्ट घालू नकोस, गरम काढ्यात ते मरतं. आंबायला दोन आठवडे, बाटलीत भरल्यावर आणखी तीन. बरणी उन्हात ठेवू नकोस. हॉपबद्दल तू लिहिलेलं वाचलं. शाळेत होतं त्यापेक्षा तुझं अक्षर आता वाचण्याजोगं झालंय.

कुत्रीचं नाव निसु. आल्या दिवशीच तिनं टेबलावरचा वेलदोड्याचा अख्खा निसु पाव फस्त केला आणि वर माझ्याकडेच तक्रारीनं बघत बसली. दुसरं नाव सुचलंच नाही.

तब्येतीला जप. माया राहू दे असं सांगत जाऊ नये, आहेच.

तुझी,
एल्माआत्या


बेंड
१ ऑगस्ट १९९६

ती. एल्माआत्यास,
सा. न. वि. वि.

तू मेळाव्याला आली नाहीस ते फार बरं झालं. खांदा दुखत होता म्हणे. दुखलाच तर तो योग्य दिवशी दुखला.

आत्या, मी तुझी बिअर वाया घालवली. कुणाच्या तोंडून काय ऐकशील कोण जाणे, म्हणून मीच लिहितो. बाटल्या भरताना घोटभर चाखली तेव्हाच जीभ आखडली होती. पण आयपीए कडूच असते, बाटलीत मुरली की बसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुझ्या बाटलीचं झाकण उघडलं की पाइनच्या राळेचा, ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास येतो. माझ्या बाटलीला वासच नव्हता. नुसता कडूपणा, औषधाची गोळी चघळल्यासारखा, आणि तो तासभर जिभेवरून हलेना.

बाबांनी सगळ्यांना उभं केलं, एल्माचं कार्ड, कर्टचा हात असं काहीतरी म्हणाले, आणि पहिला घोट त्यांनीच घेतला. नंतर त्यांचा चेहरा मी पाहिला, तो मला विसरता यायचा नाही. रॉनदाजींनी पेला हळूच गवतात रिकामा केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पास्टर तेवढे सगळा पेला प्याले, मग कॉफी मागितली, मग आणखी कॉफी मागितली. आईनं मान खाली घालून माशाचे काटे काढले. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले की ज्याला चार ओळींचं कार्ड वाचता येत नाही त्याच्या हातात भरती-ओहोटीचं कोष्टक कसं द्यायचं. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. पोरं त्या भरल्या बाटल्या नदीकाठी रांगेत मांडून दगडांनी फोडायला निघाली होती, काच होईल म्हणून आईनं थांबवलं.

संध्याकाळी मीच बाबांना सांगितलं की बोट रॉनदाजींना द्या. त्यांनी उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या. म्हणजे हो.

मी सगळं कार्डाप्रमाणे केलं होतं. घड्याळ हातात धरून केलं होतं. कुठे चुकलं कळत नाही, पण चूक माझीच असणार, कारण माझीच असते. तुझ्या नावाला बट्टा लावला त्याची लाज वाटते. कार्ड परत पाठवू का?

रागावली असलीस तरी टाकू नकोस.

तुझा,
कर्ट


नॅसेल
५ ऑगस्ट १९९६

चि. एल्मा हिस,
आशीर्वाद.

पत्र लिहायचा मला कंटाळा, पण लोइस म्हणते फोनवर मी नुसता ओरडतो. खांदा कसा आहे ते कळव.

तू आली नाहीस, सुटलीस. तुझ्या भाच्यानं असं काही उकळलं होतं की बोटीच्या तळाला फासलं तर शेवाळ धरणार नाही. एकोणीस वर्षं तुझी बिअर प्यालो आणि कधी बरी झालीये असंही म्हटलं नाही. आता म्हणतो. तुझ्या हाताला तोड नाही. पुढल्या वर्षी पातेलं मी उचलीन, बाकी तू कर.

बोट रॉनला देतोय. सोमवारी कागद करायला जाणार. कर्टवर माझा राग नाही. वाईट एवढंच वाटतं की मला वाटलं होतं या वेळी हा नीट करील. तुझं कार्ड समोर असताना कसा चुकला हा गाढव, देव जाणे.

तुझा,
आर्वोदादा


बेंड
१८ ऑगस्ट १९९६

एल्माआत्यास,
नमस्कार.

काल उरलेलं यीस्ट परत द्यायला बिअरच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या ग्लोरियाबाईंनी सहज विचारलं, बिअर कशी झाली. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, हॉप कधी कधी टाकलास. तेही सांगितलं. तशा त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पोत्यावर बसल्या. मग माझ्याकडे बघून थांबल्या.

त्या म्हणाल्या, बिअरवाले मिनिटं उलटी मोजतात. साठ म्हणजे गॅस बंद व्हायला साठ मिनिटं उरली असताना. दहा म्हणजे दहा उरली असताना. शून्य म्हणजे गॅस बंद करतानाचा. तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त, कारण वास त्याच्यातच राहतो. पहिला हॉप तासभर उकळतो, त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि नुसता कडूपणा मागे राहतो, म्हणून तो अर्धाच औंस. मी सहा औंस तासभर उकळले होते. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कार्डावर लिहीत नाही, असं त्या म्हणाल्या. ज्याला माहीत नसतं तो विचारतो.

मी विचारलं होतं. घरी येऊन तुझं जूनचं पत्र काढलं. माझ्या पत्रात चार परिच्छेद होते. तू पहिल्याचं उत्तर दिलंस, दुसऱ्याचं दिलंस, चौथ्याचं दिलंस. तिसऱ्याला तू लिहिलंस की माझं अक्षर सुधारलंय.

आत्या, कदाचित तेव्हा तुझा चष्मा जवळ नसेल. औषधांची गुंगी असेल. तसं असेल तर तसं लिही. तेवढं लिहिलंस की मी विश्वास ठेवीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

कर्ट


अ‍ॅस्टोरिया
२२ ऑगस्ट १९९६

चि. कर्ट यास,
आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरला असेल तर अनेक आशीर्वाद.

चष्मा नाकावर होता. गुंगी नव्हती. तुझा तिसरा परिच्छेद मी दोनदा वाचला आणि पहिल्याच वेळी कळलं की तू कार्ड उलटं धरलंयस. आधी हसू आलं. मग उत्तर लिहायला बसले, तुझी आजी माशाच्या सारात शेपू सगळ्यात शेवटी घालायची ते आठव, हॉपचंही तसंच, असं वाक्यही मनात तयार झालं. ते मी लिहिलं नाही. त्याऐवजी तुझ्या अक्षराचं लिहिलं.

का, ते सांगते, आणि सांगताना स्वतःला कुठेही चांगलं म्हणणार नाही. मेळाव्याची बिअर एकोणीस वर्षं माझी होती. मला ना नवरा ना मूल. त्या दिवशी सगळं घर माझ्या हातचं काहीतरी घेऊन उभं असायचं. यंदा कोण करणार हे मला कुणी विचारलं नाही, कळवलं. वर तुझी आई म्हणाली की कदाचित बरीही होईल. मला वाटलं, होऊ दे याची बिघडलेली, मग कळेल सगळ्यांना. बोटीचं तू लिहिलं होतंस. तेही मी वाचलं होतं. एवढ्यावरून थोडीच बोट जाते, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, पुन्हा लिहावं. पाकिटावर पत्ताही लिहिला. ते टेबलावर आठ दिवस पडून होतं. सोळा तारखेला दुपारी मी घड्याळाकडे बघत बसले होते. आता तो तीन औंस टाकत असेल, आता दोन. कर्ट, मला त्या वेळी बरं वाटलं. हेच मला सर्वांत जास्त टोचतं, म्हणून लिहून टाकते. मेळाव्याच्या दिवशी खांदा दुखत नव्हता. तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती.

मग तुझं पत्र आलं, त्यात तू माझीच माफी मागितली होतीस. पाठोपाठ दादाचं आलं, माझ्या हाताला तोड नाही असं. एकोणीस वर्षं जे ऐकायची वाट पाहिली ते पाहा कसं ऐकलं. ते पत्र मी कपाटात, चादरींच्या खाली ठेवलंय. तेव्हाच लिहायला हवं होतं. पंधरा दिवस मी तेही केलं नाही. तुला ग्लोरियाबाई भेटल्या नसत्या तर लिहिलं असतं का, हे मला खरंच माहीत नाही.

तू मला चष्म्याची पळवाट दिलीस. तुझ्या जागी मी असते तर दिली नसती. ती मी घेत नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावीशी वाटेल, तुझा स्वभाव मला माहीत आहे. दादाला आजच लिहितेय.

तुझी,
एल्मा


अ‍ॅस्टोरिया
२२ ऑगस्ट १९९६

ती. आर्वोदादास,
शि. सा. न.

खांदा बरा आहे. मेळाव्याच्या दिवशीही बरा होता.

सोबत कर्टचं २६ मेचं पत्र जोडलंय. तिसरा परिच्छेद वाच. त्यानं हॉप टाकण्याच्या तीन आठवडे आधी मला विचारलं होतं, बरोबर करतोय ना. तो उलटं करणार होता हे मला दिसलं आणि मी मुद्दाम गप्प राहिले, कारण बिअर त्याच्याकडे दिलीस याचा मला राग आला होता. तू म्हणालास त्याला कार्ड वाचता येत नाही. त्यानं कार्ड वाचलं, जे कळलं नाही ते विचारलं, आणि ज्या माणसावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर ठेवला. यापेक्षा जास्त काही बोटीवरच्या माणसानं करायचं असतं का, ते तुला माहीत.

हे पत्र लोइसवहिनीला, डनीसला, रॉनला मोठ्यानं वाचून दाखव. मी समोर नसताना जे त्याला हसले होते ते मी समोर नसतानाच ऐकू देत. पास्टरांना मी रविवारी कॉफीच्या वेळी सांगणार आहे.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. तुझं मन मोडलं, एवढं मला कळतं.

तुझी,
एल्मा


बेंड
९ सप्टेंबर १९९६

ती. एल्माआत्यास,
सा. न. वि. वि.

परवा बाबा आले. न कळवता, पाच तास गाडी चालवून. खिशातून तुझं पत्र आणि माझं पत्र काढून टेबलावर ठेवलं, वर ट्रकची किल्ली ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मग फ्रिजवरचं कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटी म्हणाले की विचारायचं राहून गेलं. मला वाटलं तुझ्याबद्दल बोलताहेत. ते स्वतःबद्दल बोलत होते. मेळाव्यात एवढी माणसं होती, कसं बिघडलं ते एकानंही मला विचारलं नाही, तेही नाही, असं म्हणाले. बाबांना मी आजवर कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं. मीच उठून कॉफी ठेवली.

बोट गेली. बारा ऑगस्टला कागद झाले. रॉनदाजी ते परत फिरवायला तयार होते, पण डनीसला दुसरं मूल होणार आहे, मी नको म्हटलं. या हंगामाला त्यांच्या हाताखाली जाळी ओढायला येतोय. दाजी कप्तान आणि मी गडी. हसायला मोकळी आहेस. कारखान्यात राजीनामा दिला. हे एक काम मी मध्येच सोडलं असं बाबा म्हणाले नाहीत.

तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस, कारण माझ्याकडे ती नव्हती. अजून नाही. रात्री बिजागऱ्यांचा आवाज कानात घुमतो तसं कधी कधी तुझं ते अक्षराचं वाक्य कानात घुमतं, आणि राग येतो. तू चष्म्याचं लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवतो म्हणालो असतो, दर नाताळाला कार्ड पाठवलं असतं, आणि तुझ्या दाराशी पुन्हा आलो नसतो. आता येतोय, म्हणून हे लिहितोय.

२२ तारखेच्या रविवारी सकाळी अ‍ॅस्टोरियाला पोचतो. माल्ट, हॉप, यीस्ट सगळं बरोबर आणतो, ग्लोरियाबाईंनी बांधून दिलंय. पातेलं मी उचलणार, हॉप मी टाकणार. पुढल्या मेळाव्याला बिअर आपल्या दोघांची जाणार, बाबांना तसं सांगितलंय, त्यांना विचारलं नाही. तू खुर्ची घेऊन शेगडीजवळ बस आणि माझ्या हाताकडे बघ. मी चुकताना दिसलो तर बोलायचं.

तुझा,
कर्ट